काळ्या अक्रोडाचा काढा पिऊ नका, आणि झाडही तोडू नका

रविवारी रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला तर तिचे हात काळेकुट्ट, बिब्ब्याचं तेल लागल्यासारखे. मला वाटलं भाजलं की काय. तर म्हणे, "अक्रोड सोलले गं." दादाच्या घरामागे, ओहायोत कोलंबसजवळ, ब्लॅक वॉलनटचं जुनं झाड आहे. सप्टेंबर उजाडला की त्याची हिरवी फळं टेनिस बॉलसारखी धपाधप पडतात, शेडच्या पत्र्यावर एखादं पडलं की झोपेतला माणूस उठून बसतो. आईने त्यातली परातभर गोळा केली आणि हिरव्या साली गॅसवर उकळत ठेवल्या. काढा. कोणासाठी? सहा वर्षांच्या नातवासाठी, जंत जातात म्हणून. आणि वर "कॅन्सरसुद्धा होत नाही म्हणे."

म्हणे कोण, तर भजनी मंडळाचा ग्रुप. "अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांनी जरूर वाचा" असा मेसेज, तोच मला आठवडाभरात आणखी दोन ग्रुपवर आला. त्यात काय आहे: या झाडाखाली काही उगवत नाही आणि जमीन कायमची विषारी होते, पानं कंपोस्टात गेली की बाग संपली, कुत्र्याला विषबाधा होते, एक झाड विकलं तर लाखो रुपये मिळतात, आणि हिरव्या सालीचा अर्क घेतला तर सगळे जंत आणि सगळे कॅन्सर बरे. म्हणजे एकच झाड वर विष आणि खाली अमृत! लिहिणाऱ्याला स्वतःला तरी खटकायला हवं होतं की नाही?

शेवटचा मुद्दा आधी घेते कारण तो प्रत्यक्ष पातेल्यात उकळत होता. हे खूळ नवीन नाही आणि आयुर्वेदातलं तर अजिबात नाही, मेसेजमध्ये "आपले पूर्वज" घुसडलेत तरी. आपल्या पूर्वजांनी हे झाड बघितलंच नव्हतं, ते उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं आहे. ही कल्पना खपवली हल्डा क्लार्क नावाच्या, मूळच्या कॅनडाच्या बाईंनी. 1993 साली त्यांनी पुस्तक काढलं की झाडून सगळे कॅन्सर एका चपट्या कृमीमुळे होतात आणि ब्लॅक वॉलनटच्या सालीचा अर्क, कडू दवणा आणि लवंग घेतली की तो मरतो. त्यांनी ज्या कृमीचं नाव घेतलं तो, फॅसिओलॉप्सिस बुस्की, खराच आहे, पण तो राहतो माणसाच्या आणि डुकराच्या आतड्यात, सापडतो आशियात, आपल्याकडे बिहार-उत्तर प्रदेशात, आणि पोटात जातो तळ्यातले कच्चे शिंगाडे वगैरे दाताने सोलून खाल्ले तर. (आईचा लगेच प्रश्न: "मग उपासाचं शिंगाड्याचं पीठ?" अगं ते वाळवलेलं, दळलेलं, शिजवलेलं, खा निवांत.) त्यावर प्राझिक्वांटेल नावाचं औषध आहे. सालीच्या अर्काने कॅन्सर बरा झाल्याचा माणसांवरचा धड पुरावा कोणाकडे नाही. आणि या बाई स्वतः 2009 साली गेल्या त्या मल्टिपल मायलोमाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने. एवढं एक वाक्य त्या मेसेजमध्ये असतं तर मला एवढं टाइप करावं लागलं नसतं.

पोराला खरंच जंत झाले असतील तर डॉक्टर आहेत. आपल्याकडे शाळा-अंगणवाडीत 10 फेब्रुवारीला अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात, विषय संपला. घरी उकळलेल्या सालीत किती काय उतरलं हे कोणी मोजलेलं नसतं, आणि पाजायचं कोणाला तर वीस किलोच्या मुलाला?

आता बाग. इथे, दात-ओठ खात का होईना, थोडं मान्य करते. या झाडात जुग्लोन नावाचं द्रव्य असतं, मुळांत आणि फळाच्या हिरव्या सालीत जास्त, हात काळे होतात तेही त्याच्यामुळे. टोमॅटो त्याच्याजवळ सुकतात हे व्हर्जिनियात मॅसी नावाच्या शास्त्रज्ञाने 1925 मध्येच लिहून ठेवलं. वहिनीचे टोमॅटोही दोन वर्षं माना टाकून बसले, वांगी-मिरची तशीच, शेवटी तिने सगळं बादल्यांमध्ये लावून ड्राइव्हवेवर नेलं. पण "काही उगवत नाही"? त्याच झाडाखाली गवत आहे, घेवडा झाला, कांदे झाले, भोपळ्याचा वेल तर कुंपणावर गेला. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी या विषयावरचं जुनं-नवं संशोधन तपासून लिहिलंय की बहुतेक पुरावा प्रयोगशाळेतल्या बियांवरचा आणि कोवळ्या रोपांवरचा आहे, प्रत्यक्ष बागेतला फारच तोकडा. मोठं झाड आहे, सावली पाडतं, पाणी ओढतं, खालचं रोप त्यानेही मरेल की. आपल्याकडे चिंचेखाली काही येत नाही म्हणतात, म्हणून कोणी चिंच विषारी ठरवून तोडतं का?

जमीन कायमची वगैरे काही होत नाही. पानांतलं जुग्लोन हवा, पाणी आणि जिवाणू मिळाले की 2 ते 4 आठवड्यांत मोडतं, कंपोस्ट नीट कुजू द्या एवढंच. मुळं जमिनीत आहेत तोवर मात्र टोमॅटो लांब लावा.

कुत्र्याचं अर्धं खरं आहे: खाली पडून बुरशी आलेले अक्रोड कुत्र्याने खाल्ले तर त्या बुरशीच्या विषाने झटके येऊ शकतात, म्हणून अक्रोड उचलत राहायचे. घोडे पाळत असाल तर या लाकडाचा भुसा त्यांच्याखाली घालू नका, खुरांचा आजार होतो. भजनी मंडळात घोडे कोणाकडे आहेत मला माहीत नाही.

लाखो रुपये? सरळसोट, गाठी नसलेल्या, जाड खोडाला भाव असतो. अंगणातल्या झाडात कोणीतरी कधीतरी कपडे वाळवायच्या दोरीसाठी खिळे ठोकलेले असतात, सॉ-मिलवाले हात लावायला तयार नसतात. उलट घराशेजारचं झाड पाडायचे पैसे तुम्हीच द्याल.

काढा शेवटी सिंकमध्ये गेला, भाच्याने आधीच एक घोट थुंकला होता, कडू म्हणून. वहिनीच्या पांढऱ्या ओट्यावरचा डाग सोड्याने गेला नाही, व्हिनेगरनेही नाही. आईचे हात अजून काळेच आहेत. काल देवळात आरतीला गेली तेव्हा हात शालीखाली घेऊन बसली होती, आणि दादा सांगतो, शेजारच्या काकूंनी विचारलं तर म्हणाली, मेंदी जरा जास्त रंगली.