अंथरूण, पाय आणि 15 लाख कोटी

अर्थसंकल्प जवळ आला की एक मेसेज दरवर्षी नवे आकडे लावून फिरतो. आशय असा: कमाईपेक्षा जास्त खर्च करणाऱ्याला आपण उधळ्या म्हणतो, मग सरकारला वेगळा न्याय का? परदेशी सावकारांकडून कर्ज काढून नातवंडांच्या डोक्यावर बोजा टाकला जातोय. अमेरिकेतली राज्यं जमा-खर्च जुळवूनच अर्थसंकल्प मांडतात, जर्मनीने तर ते राज्यघटनेतच लिहिलंय. आपणही घटनादुरुस्ती करून तुटीवर बंदी घालावी. खाली अमेरिकी गुंतवणूकदार वॉरेन बफे यांचा फोटो, म्हणजे विषय संपला.

बफेंचं आधी उरकू. 2011 मध्ये एका मुलाखतीत ते म्हणाले होते की, तूट जीडीपीच्या (देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या) 3 टक्क्यांच्या वर गेली की सगळ्या विद्यमान खासदारांना पुढची निवडणूक लढवायला बंदी करा, प्रश्न पाच मिनिटांत सुटेल. 3 टक्के म्हणाले होते ते. शून्य नाही.

आता घराचा दाखला. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांचा फ्लॅट गृहकर्जावर असेल. वर्षाला 12 लाख कमावणाऱ्याने 60 लाखांचं कर्ज काढून घर घेतलं, तर सरकारी हिशेबाच्या रीतीने त्या वर्षी त्याची तूट कमाईच्या पाचपट झाली. सरकारी हिशेब रोखीचा असतो: पन्नास वर्षं टिकणाऱ्या पुलाचा खर्च ज्या वर्षी पैसे दिले त्याच वर्षी पडतो. तुटीवर बंदी म्हणजे घर फक्त रोख पैसे मोजून घ्यायचं. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरंच, पण या नियमाने अंथरूण विकत घेण्याचीच सोय राहत नाही.

‘परदेशी सावकार’ हा मुद्दा दोन ओळींचा. केंद्राचं बहुतांश कर्ज देशातलंच आहे, रुपयांतलं आहे. रोखे घेणारे म्हणजे बँका, एलआयसी, भविष्य निर्वाह निधी. मेसेज पुढे ढकलणाऱ्याचा पीएफही त्यातच आहे.

खरी गंमत आकडे मांडल्यावर येते. 2025-26 च्या अर्थसंकल्पात केंद्राचा एकूण खर्च 50.65 लाख कोटी आणि राजकोषीय तूट 15.69 लाख कोटी धरली होती. म्हणजे शंभरातले एकतीस रुपये उसने. आता तूट शून्य करा. व्याजाचे 12.76 लाख कोटी थांबवता येत नाहीत. निवृत्तिवेतनासह संरक्षणाचे 6.81 लाख कोटी कापायला कुणी तयार होणार नाही. हे दोन सोडून उरलेल्या सगळ्याला, म्हणजे रेल्वे, रस्ते, खत, धान्य, राज्यांची अनुदानं, शाळा, दवाखाने यांना मिळून जे 31 लाख कोटी मिळतात, ते 15 लाख कोटींवर आणावे लागतील. नाहीतर कर वाढवा: केंद्राच्या हाती पडणारा कर 28.37 लाख कोटी धरला होता, तो निम्म्याहून जास्त वाढायला हवा.

‘एका वर्षात नाही, हळूहळू करा,’ असं कुणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. पण हळूहळू तिथे पोचल्यावर 2020 सारखं वर्ष आलं तर? त्या वर्षी तूट जीडीपीच्या 3.5 टक्के धरली होती, झाली 9.2 टक्के. टाळेबंदीत कर आटला आणि त्याच वेळी 80 कोटी लोकांना मोफत धान्य द्यायचं होतं. शून्याचा नियम असता तर उत्पन्न घटलं तसा खर्चही छाटावा लागला असता, तोही नेमका लोकांच्या हातात काही नसताना. यावर उत्तर येतं की संकटासाठी सवलतीचं कलम ठेवू. ठेवा. तसं कलम तुटीला मर्यादा घालणाऱ्या आपल्या 2003 च्या एफआरबीएम कायद्यात आधीच आहे, त्यातली सूट अर्ध्या टक्क्याची. 9.2 टक्क्यांपुढे तिचं काय होणार होतं?

आकडा कायद्याने बांधला की हिशेबनीस हुशार होतात, हा आपला अनुभव आहे. वर्षानुवर्षं धान्याच्या अनुदानाचा बराच भाग सरकार स्वतः देत नव्हतं. अन्न महामंडळ अल्पबचत निधीतून कर्ज काढून तो भागवत होतं, त्यामुळे तूट कागदावर लहान दिसे. 2021 मध्ये ही थकबाकी एकदम ताळेबंदात आणली, तेव्हा 2020-21 चं अन्न अनुदान 1.15 लाख कोटींच्या अंदाजावरून सुधारित अंदाजात 4.22 लाख कोटींवर गेलं. त्यातला काही भाग कोविडच्या धान्याचा होता, पण जुनी देणीही मोठी होती. जानेवारी 2018 मध्ये तर सरकारने हिंदुस्थान पेट्रोलियममधला आपला हिस्सा 36,915 कोटींना सरकारच्याच ओएनजीसीला विकला. पैसे निर्गुंतवणुकीच्या रकान्यात जमा, कर्ज ओएनजीसीच्या अंगावर. डाव्या खिशातलं उजव्या खिशात. एफआरबीएम कायद्यातल्या 3 टक्क्यांसाठी हे होत असेल, तर शून्यासाठी काय काय होईल याची कल्पना करा.

परदेशी दाखलेही जरा उलगडून पाहू. अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्याच राज्यांवर असं बंधन आहे, पण ते मुख्यतः चालू खर्चावर. पूल आणि शाळांच्या इमारतींसाठी ती राज्यं सर्रास रोखे काढतात. 2009 च्या मंदीत राज्यं नोकऱ्या कापू लागली, तेव्हा वॉशिंग्टनने, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारने, स्वतः कर्ज काढून त्यांना पैसे पुरवले. त्यांचा हिशेब जुळला तो वरच्याने आपला बिघडू दिला म्हणून. केंद्र सरकारच्या वर कोण आहे? जर्मनीने 2009 मध्ये घटनेत केंद्र सरकारसाठी घातलेली मर्यादासुद्धा शून्याची नव्हती, जीडीपीच्या 0.35 टक्क्यांची होती. 2023 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने कोविडसाठी मंजूर झालेली 60 अब्ज युरोंची कर्जमर्यादा हवामान निधीकडे वळवणं बेकायदा ठरवलं. मार्च 2025 मध्ये त्यांनी घटनाच बदलली: जीडीपीच्या 1 टक्क्यापलीकडचा संरक्षण खर्च मर्यादेबाहेर आणि पायाभूत सुविधांसाठी 500 अब्ज युरोंचा वेगळा निधी.

मेसेजमधलं एक दुखणं मात्र खरं आहे, आणि ते नेमकं तिथे एका वाक्यात उरकलंय: नातवंडांवरचा बोजा. वरचेच आकडे घ्या. केंद्राच्या हाती येणाऱ्या कराच्या प्रत्येक रुपयातले 45 पैसे व्याजात जातात. हे भूषणावह नाही. पण त्यावर औषध शोधायचं तर कर्ज किती काढलं याच्याइतकंच ते कशासाठी काढलं हे पाहावं लागेल. 15.69 लाख कोटींपैकी 5.24 लाख कोटी ही महसुली तूट होती, म्हणजे पगार, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चासाठीची उसनवारी. घरच्या भाषेत, किराण्यासाठी काढलेलं कर्ज. नातवंडं फेडणार ते हे, बदल्यात त्यांना पूल मिळणार नाही की धरण.

महसुली तूट शून्यावर आणायची, असं बंधन आपल्याकडे होतं. एफआरबीएम कायद्यात ते पहिल्यापासून होतं. मुदती पुढे ढकलत ढकलत 2018 च्या वित्त विधेयकातल्या दुरुस्तीने ते उद्दिष्टच काढून टाकलं. त्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर प्राप्तिकराच्या टप्प्यांचे सहा-सात तक्ते आले होते. या दुरुस्तीबद्दल एक ओळही नव्हती.