पोर्ट २५ सताड उघडा ठेवा

इंटरनेट पुरवण्याचा धंदा करताय ना? मग एक गाठ मारून ठेवा: आपण फक्त नळ टाकतो. त्यातून काय वाहतं ते ज्याचं त्यानं बघावं.

सुरुवात पोर्ट २५ पासून. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं इंटरनेटकडे उघडणारं, क्रमांक दिलेलं दार. घरगुती ग्राहकांनाही तो मोकळा हवा. त्यांना तो लागत नाही, हे खरं. मेल अ‍ॅपवाला ५८७ किंवा ४६५ वरून, पासवर्ड देऊन मेल सर्व्हरकडे सोपवतो. ब्राउझरवाल्याला तेवढंही नको. २५ हा सर्व्हरांनी आपसात बोलायचा पोर्ट. घरातला कॉम्प्युटर तो वापरू लागला, की बहुधा त्यात बॉट, म्हणजे दुसऱ्याच्या हुकमावर चालणारा चोरटा प्रोग्राम, शिरलेला असतो आणि तो स्पॅम घेऊन परस्पर जगभरच्या मेल सर्व्हरांची दारं ठोठावत असतो. राउटरवरच्या एका नियमाने हे थांबतं. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या मोजक्यांना स्थिर आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा पत्ता, देऊन सूट देता येते. पण नियम लिहायला कुणाला तरी खुर्चीतून उठावं लागेल. कशाला?

बाहेर जाणाऱ्या मेलला तासाची मर्यादाही नको. दिवसाला दहा मेल पाठवणारं खातं पहाटे तीनपासून मिनिटाला शंभर पाठवतंय? पासवर्ड चोरीला गेला, असं अभद्र बोलू नका. माणसाचा गोतावळा वाढला असेल.

तक्रारींसाठी 'अ‍ॅब्यूज' नावाची पेटी असावी, असं आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने १९९७ सालीच सांगितलंय. ठेवा की! फक्त तिच्यावर कडक स्पॅम फिल्टर बसवा. तक्रारदार बिचारा नमुना म्हणून मूळ स्पॅम हेडरसकट (मेल कुठून कसा आला याच्या नोंदीसकट) जोडतो आणि फिल्टर ती तक्रारच स्पॅम म्हणून परत धाडतो. एखादी निसटून आत आलीच, तर एका आयपीमागे शेकडो ग्राहक बसवलेले असूद्या आणि लॉगमध्ये सोर्स पोर्ट, म्हणजे जोडणी ज्या पोर्टवरून निघाली त्याचा क्रमांक, नोंदवू नका. मग पत्ता आणि वेळ हातात असूनही गुन्हेगार कोण, हे तुम्हालासुद्धा कळणार नाही. इतकी निर्मळ सद्सद्विवेकबुद्धी फुकटात मिळत नाही.

मॅककोलोचं नाव मात्र कंपनीत काढू देऊ नका. कॅलिफोर्नियातली ही होस्टिंग कंपनी. नोव्हेंबर २००८ मध्ये तिला इंटरनेट देणाऱ्या वरच्या पुरवठादारांनी तिची जोडणी तोडली आणि जगातला स्पॅम तडकाफडकी निम्म्याहून जास्त घटला. बॉट घरोघरी तसेच होते. त्यांना हुकूम देणारे सर्व्हर तेवढे तिथे होते. काही महिन्यांत स्पॅम पुन्हा चढला, तेवढंच सांगत चला. नाहीतर पुरवठादाराला काही करता येतं, ही अफवा पसरायची.

यथावकाश स्पॅमहाउससारखी काळी यादी तुमची अख्खी आयपी रेंज उचलेल आणि सरळमार्गी ग्राहकांचे मेलही ५५० चा, म्हणजे 'नाकारला'चा, शिक्का घेऊन परत येतील. 'समोरच्याचा सर्व्हर बिघडलाय,' म्हणा. शिवाय याच ग्राहकांना महिन्याच्या भाड्यावर 'प्रीमियम स्पॅम संरक्षण' विका.

योजनेची खबर एसएमएसने द्या. तुमचा मेल कुणी घेत नाहीये.