ग्राफिक्स कार्ड घ्यावं की नाही, हे ठरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पहिला नियम: 'मला याची गरज आहे का?' हा प्रश्न मनात येऊ द्यायचा नाही. तो मधल्या फळीतल्या कार्डांसाठी राखून ठेवलेला आहे. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ५०९० समोर, म्हणजे गेमची चित्रं काढणाऱ्या सगळ्यात वरच्या फळीतल्या कार्डासमोर, उभं राहून गरजेची भाषा करणं शोभत नाही.

आता किंमत. जानेवारी २०२५ मध्ये हे कार्ड आलं तेव्हा जाहीर किंमत होती १,९९९ डॉलर. दोन हजार नव्हे, हे लक्षात घ्या. एक डॉलर तुम्ही खरेदीआधीच वाचवलात. २०१७ मध्ये याच कंपनीचं १०८० टीआय हे कार्ड ६९९ डॉलरला होतं, अशी आठवण कुणी काढली तर त्याला जुन्या काळात रमणारा म्हणून सोडून द्या. कार्ड जाहीर किमतीला मिळालं नाही तरी नाराज होऊ नका. जो भाव आपल्याला मिळालाच नाही, त्याच्याशी तुलना करून 'थोडेच जास्त गेले' असं घरी सांगता येतं.

तरी आकडा छातीवर बसत असेल तर त्याला दिवसांनी भागा. पाच वर्षं वापरणार म्हणजे १,८२५ दिवस. दिवसाला जेमतेम सव्वा डॉलरसुद्धा नाही! याच्या आधीचं कार्ड, ४०९०, ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं आणि सव्वादोन वर्षांत जुनं झालं, ही माहिती या हिशेबात आणू नये. भागाकार पाच वर्षांनी करायचा आणि नवं कार्ड दोन वर्षांनी घ्यायचं.

मग बेंचमार्क, म्हणजे कार्डांच्या वेगाच्या चाचण्यांचे आलेख, बघा. सगळे बघा, रात्री जागून बघा, पण फक्त फोर-के या अतिबारीक चित्राच्या पडद्याचे. १०८०पीवर, म्हणजे साध्या फुल एचडी पडद्यावर, महागड्या आणि स्वस्त कार्डांचे खांब एकमेकांच्या जवळ येतात, कारण तिथे प्रोसेसरच धापा टाकायला लागतो. असल्या आलेखांनी निर्धार ढळतो. तुमचा स्वतःचा मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा आहे, हा योगायोग समजून पुढे चला.

खरी गंमत फ्रेम जनरेशनमध्ये आहे. कार्ड एक फ्रेम, म्हणजे हलत्या दृश्यातलं एक चित्र, प्रामाणिकपणे काढतं आणि तिच्या जोडीला तीन-तीन फ्रेम एआयच्या अंदाजाने रचून देतं. तुम्ही बटण दाबल्याची दखल त्या रचलेल्या फ्रेम घेत नाहीत, पण कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा घेतो, आणि आपण पैसे त्याच आकड्याचे मोजले आहेत. समजा, आकडा २४० दाखवतोय. त्यातल्या ६० खऱ्या, १८० रचलेल्या. तुमचा मॉनिटर सेकंदाला दाखवू शकतो ६०, म्हणजे १८० वाया. जितक्या रचल्या तितक्याच वाया! असा चोख ताळेबंद नशिबाने जुळत नाही, त्याला अभियांत्रिकी लागते.

एखादा समंजस मित्र म्हणेल, चित्राच्या दर्जाचं सेटिंग 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आण, खेळताना फरक कळतसुद्धा नाही. बरोबर आहे, म्हणून खेळायचं नाही. गेम पॉज करा, रस्त्यावरच्या डबक्यापाशी जाऊन उभे राहा आणि रे ट्रेसिंगने, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून, रेखाटलेलं पाटीचं प्रतिबिंब निरखा. पाठीमागून शत्रू गोळ्या घालत असेल तर तो त्याच्या संस्कारांचा प्रश्न आहे.

विजेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कार्ड ५७५ वॉटपर्यंत खातं, कंपनी १,००० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, सुचवते, आणि खोली उबदार राहते. ४०९० च्या वेळी काहींचे पॉवर कनेक्टर वितळले, तेव्हा कंपनीने सांगितलं की प्लग पूर्ण आत बसवलेला नव्हता. तेव्हा प्लग नीट दाबा आणि अधूनमधून वास घेत राहा.

कार्डाच्या वजनाने मदरबोर्डवरचा स्लॉट, म्हणजे कार्ड खोचायची खाच, वाकू नये म्हणून खाली टेकू लावतात. नाकापेक्षा मोती जड, असं म्हणणाऱ्यांना सांगा की नाकही बदलणार आहोत. नवा कॅबिनेट, नवा एसएमपीएस, नवा प्रोसेसर, शेवटी मॉनिटर. हे खर्च कार्डाच्या खात्यात मांडायचे नाहीत. ते कधी ना कधी होणारच होते.

एवढं करूनही मन खात असेल तर ब्रह्मास्त्र काढा: 'मला एआय शिकायचंय.' ३२ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) गेमला जास्त वाटते, पण या वाक्यापुढे कुणी तोंड उघडत नाही. एखादं भाषा मॉडेल उतरवून घ्या, घरच्या घरी चालवा आणि त्यालाच विचारा, हे कार्ड घेणं योग्य होतं का? ते दोन्ही बाजू मांडेल आणि 'तुमच्या गरजेवर अवलंबून आहे' म्हणेल. पुन्हा तोच शब्द! मॉडेल लहान आहे, समज बेताची; ताबडतोब पुसून टाका आणि ७० अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे शिकून जमवलेल्या ७० अब्ज आकड्यांचं, घ्या. त्यातला एकेक आकडा चार बिटांत दाबला तरी नुसत्या या आकड्यांनाच ३५ जीबी लागतात, म्हणजे तुमच्या कार्डात काही मावत नाही.

दोन कार्डांत मात्र आरामात मावतं.