लाखाची शांतता

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं शेड आहे. तीस वर्षं एका बाजूला फौंड्रीचा ग्राइंडर, दुसऱ्या बाजूला पॉवर प्रेस आणि मधे मी. त्यामुळं माझ्याशी बोलणारा माणूस पहिलं वाक्य फुकट घालवतो आणि दुसऱ्यापासून सुरुवात करतो. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी पोरीनं फोनवर पहिल्याच वाक्यात सांगितलं, "पप्पा, मला नॉइज कॅन्सलिंग हेडसेट घ्यायचाय."

मी दचकून विचारलं, "काय कॅन्सल झालं? लायसन?"

पोरगी फ्लाइंग अकॅडमीत आहे. कमर्शियल लायसनला २०० तास उडावं लागतं, आणि ते सगळे तास सेसना ह्या छोट्या विमानाच्या इंजिनामागं बसून काढायचे. अकॅडमीचा हेडसेट सामाईक. त्याच्या कानाच्या गाद्या सोललेल्या आणि मागच्या तीन बॅचचा घाम मुरलेला. शिवाय मेडिकलला कान तपासतात.

"कान गेले तर लायसन गेलं, पप्पा."

"माझे गेले, माझं काय गेलं?"

"तुम्हाला लेथ सुरू करायला टॉवरची परवानगी लागत न्हाई."

राजारामपुरीत एका मोबाईलच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर विशीतलं पोरगं. म्हटलं, "पायलटचा हेडसेट दाखव." ते म्हणालं, "पायलटचं पेन शेजारी मिळतंय, काका." नीट समजावल्यावर त्यानं एक खोकं काढलं. हेडसेटच्या दोन्ही कानांना लाल-निळे दिवे लुकलुकत होते. "ह्यो न्या. गेमिंगचा हाय. रात्री विमान उडवाय बरा."

मग पोरीनंच फोनवरून माझा क्लास घेतला. कानावरच्या कपात बारीक माईक असतो. तो इंजिनाचा आवाज ऐकतो, आतलं सर्किट त्याच्या बरोबर उलटी लाट सोडतं आणि दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. आवाजाला आवाजानं मारायचं, हे काय कोल्हापूरकराला शिकवायचं? विसर्जनाला पापाच्या तिकटीला दोन मंडळांचे डॉल्बी समोरासमोर आले की दुसरं काय चालतं? फक्त तिथं शांतता होत नाही, बरगड्या ढिल्या होतात. पोरगी म्हणाली, लाट नेमकी उलटी आणि नेमक्या क्षणाला पाहिजे. आणि सर्किटचा जोर चालतो तो इंजिन-प्रोपेलरच्या जाड, एकसुरी घरघरीवर. माणसाचं बोलणं, शिट्टी असल्या बारीक आवाजांवर त्याची मात्रा फारशी चालत नाही, ते काम कपाच्या गादीचं. हे मी त्या वेळी नीट ऐकायला पाहिजे होतं.

पोरीला पाहिजे होता बोस कंपनीचा, सर्किटवाला. माझं मत हिरव्या कपांच्या डेव्हिड क्लार्क कंपनीच्या हेडसेटला होतं. साधा, जुना. त्यात ना सर्किट, ना सेल. जाड कप, घट्ट पट्टी, झालं. किंमत बोसच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. माझ्यासारख्या माणसाला असं यंत्र आवडतं, बिघडायला आत काही नसतंच. पण वजन अर्ध्या किलोच्या घरात, आणि पोरीचं म्हणणं, दोन तासांनी कानशिलं ठणकतात. बोसचा साधारण चारशे ग्रॅम. म्हटलं, शंभर ग्रॅमसाठी एवढे पैसे? फडताळातली गुळाची अर्ध्या किलोची ढेप काढली, डोक्यावर ठेवली, वरून टॉवेल बांधला आणि टीव्हीसमोर बसलो. पाऊण तास छान गेला. मग मान अवघडली. मे महिना होता, त्यामुळं गूळ पाघळून कपाळावर आला आणि त्यामागोमाग मुंग्या आल्या. सौ आतून आली, बघितलं आणि काही न बोलता परत गेली. डेव्हिड क्लार्कवर त्या रात्री मी काट मारली.

संध्याकाळी गंगावेशीत दुधाचा ग्लास हातात घेऊन विषय काढला.

"बोस म्हंजे नेताजींच्यातले का रं?"

"न्हाई. पण बाप क्रांतिकारकच. इंग्रजांच्या तावडीतून निसटून बंगालातनं अमेरिकेला गेलेला."

त्याचा पोरगा, कंपनीवाला अमर बोस, १९७८ साली झुरिकहून बोस्टनला विमानानं निघाला होता. विमानात मिळालेला हेडफोन लावला, तर इंजिनापुढं गाणं ऐकू येईना. मग बोस्टन यायच्या आत गडी गणित मांडून मोकळा. वैमानिकांचा हेडसेट मात्र बाजारात आला १९८९ ला.

"अकरा वर्षं?" एकजण मिशीवरची साय पुसत म्हणाला. "तवर चालत गेला असता की."

नवा घ्यायचा तर लाखाच्या पुढं. तेवढ्यात पाहुण्यांच्या पाहुण्यानं जुना एक मिळवून दिला, अगदी स्वस्तात. आता, विमानाला दोन प्लग लागतात, जाड कानाचा आणि बारीक माईकचा. अकॅडमीत गेलो तेव्हा मी खिशातला व्हर्नियर लावून बघितलेलं: एक ६.३५ मिलिमीटर, दुसरा ५.२. पार्सल फोडलं तर वायरच्या टोकाला एकच प्लग. माप ७.१. तीनदा लावून बघितलं, व्हर्नियर हलला नाही. पोरीला फोटो पाठवला.

"पप्पा, हा हेलिकॉप्टरचा आहे."

"असू दे की. शेडमधे पितळेचा रॉड पडलाय. दोन तासांत दोन प्लग काढतो."

"पप्पा, ते सेसना आहे, बोअरचा पंप न्हवं."

शेवटी बोसच घेतला, नवाकोरा, हप्त्यावर. सौला किंमत सांगितली तीसएक हजार. कुरिअर घरी आलं तेव्हा मी खोकं तसंच उचलून शेडमधे नेलं, पोरीला पाठवायच्या आधी एकदा तपासावं म्हणून. दोन पेन्सिल सेल घातले, मशीन चालू ठेवलं, हेडसेट डोक्यावर चढवला, बटण दाबलं.

लेथच्या मोटरचा घुमारा गेला. कॉम्प्रेसरची घरघर गेली. समोर चक फिरतोय, चिप्स उडतायत, आणि सगळं लांब, पाण्याखाली चालल्यागत. तीस वर्षांत माझं शेड मी असं कधी बघितलं नव्हतं. पोऱ्या ग्राइंडरवर होता, त्याची किणकिण तेवढी बारीक उरली होती. चहा सांगावा असं मनात आलं.

दारात सौ उभी होती. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात बिल. खोक्यातनं घरातच पडलेलं असणार. ती बोलली, आणि तिचं पहिलंच वाक्य, दबकं पण शब्द न् शब्द, माझ्या कानात आलं.

"एक लाख किती?"

मी बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. काही फरक पडला नाही. ते इंजिनासाठीच असतं.