न विचारणारा घरमालक

मुंबईत मराठी कुटुंबाला सोसायटीने घर नाकारल्याची बातमी आली की समाजमाध्यमांवर तीच दोन मते पुन्हा भांडू लागतात. एका बाजूचे म्हणणे, घर माझे आहे, कोणाला द्यायचे ते मी ठरवीन. दुसरी बाजू म्हणते, नव्या इमारतींत मराठी माणसासाठी घरे राखून ठेवा. जपानमध्ये भाड्याने राहणाऱ्या परदेशी माणसाला पहिले मत ओळखीचे वाटते. इथल्या घरमालकाला नको असतो तो मासे तळणारा नाही, परदेशी. आणि तळणाचा, मसाल्याचा वास हे कारण इथेही पुढे केले जाते. वरणभात खाणाऱ्याचीही त्यातून सुटका नाही.

जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये परदेशी रहिवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी ३९.३ टक्के लोकांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचे सांगितले, तर जपानी जामीनदार नाही म्हणून नकार मिळाल्याचे ४१.२ टक्क्यांनी. दुसरा आकडा जास्त बोलका आहे. मालकाची भीती बरीचशी पैशाची असते: भाडे थकवून हा मायदेशी निघून गेला तर वसूल कोणाकडून करायचे?

या भीतीवर इथे धंदा उभा राहिला आहे. होशोगाइशा म्हणजे जामीन राहणारी कंपनी. सुरुवातीला ती भाडेकरूकडून महिन्याच्या भाड्याच्या साधारण अर्धी ते पूर्ण रक्कम घेते, पुढे बहुधा वर्षाला दहा हजार येनच्या आसपास. भाडे थकले तर मालकाला ती देते आणि मग भाडेकरूच्या मागे लागते. भाडे ८०,००० येन धरा. शिकिकिन, म्हणजे डिपॉझिट, ८०,०००, रेइकिन, म्हणजे मालकाला द्यायची आणि कधीच परत न येणारी भेट, ८०,०००, करासह दलाली ८८,०००, जामीन ४०,०००, पहिले भाडे ८०,०००, वर कुलूप बदलणे आणि आगीचा विमा. चावी हातात येईपर्यंत चार लाख येन गेलेले असतात, म्हणजे पाच महिन्यांचे भाडे. आपल्या पागडीत निदान काही हक्क तरी मिळतो.

एवढे मोजायची तयारी असली तरी अर्ज अडतो, आणि कारणे अगदी फुटकळ असतात. मराठी माणसाच्या पासपोर्टावर नावातच वडिलांचे नाव असते, तेच रहिवासी कार्डावर येते; बँकेत मात्र काताकाना या जपानी लिपीत ते वेगळेच लिहिले जाते. अर्ज, कार्ड आणि बँक यांत अक्षर न् अक्षर सारखे हवे. कंपनी खातरजमेसाठी अर्जदाराला आणि कचेरीत फोन करते, तोही जपानीतून. अनोळखी नंबर म्हणून तो उचलला नाही की छाननी तिथेच थांबते. करार दोन वर्षांचा आणि व्हिसा सहा महिन्यांचाच उरलेला असेल, तर आधी मुदतवाढीची व्यवस्था पाहावी. तातडीच्या संपर्कासाठी जपानी बोलणारी एक व्यक्तीही लागते.

घर सोडताना भांडण होते ते डिपॉझिटवरून. इथे नियम भाडेकरूच्या बाजूने बरेच आहेत, पण ते माहीत असावे लागतात. नेहमीच्या वापराची झीज भाडेकरूने भरायची नाही, हे एप्रिल २०२० पासून नागरी कायद्यातच लिहिले आहे. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार भिंतीच्या कागदाची किंमत सहा वर्षांत एक येनवर येते. मात्र धूर ओढणारा पंखा न लावता तळण करून चढलेला तेलाचा थर ही झीज धरली जात नाही. तो खर्च आपला. राहायला गेल्याच दिवशी भिंती, जमीन आणि नळांचे तारखेसह फोटो काढून एजंटला पाठवावेत.

पण नकार सगळाच पैशाचा नसतो. जामीन कंपनीची हमी असूनही 'परदेशी नकोत' म्हणणारे मालक आहेतच. न्यायालयात जाता येते. २००७ मध्ये क्योतोच्या जिल्हा न्यायालयाने राष्ट्रीयत्वावरून घर नाकारणाऱ्या मालकाला ११ लाख येन भरपाई द्यायला लावली. पण पुढच्या आठवड्यात छप्पर हवे असलेला माणूस खटला कुठे लढत बसणार!

अशा माणसाला खरा आधार आहे यूआर या सरकारी संस्थेचा. तिची सुमारे सात लाख भाड्याची घरे आहेत. तिथे रेइकिन नाही, दलाली नाही, जामीनदार नाही, दोन वर्षांनी कराराच्या नूतनीकरणाचे पैसे नाहीत. डिपॉझिट दोन महिन्यांचे. रहिवासी परवाना बघतात आणि उत्पन्न बघतात (कमी भाड्याच्या घराला महिन्याचे उत्पन्न भाड्याच्या साधारण चौपट, नाहीतर वर्षाचे भाडे आगाऊ), आणि जो आधी येईल त्याला घर. घरे पुष्कळदा जुनी असतात, काही पाचमजली इमारतींना लिफ्टही नाही, दिवे आणि एसी स्वतःच आणायचे. तरीही तोक्योच्या निशिकासाईत भारतीयांची वस्ती वाढली त्यामागे ही घरे मोठे कारण आहे. एदोगावा प्रभागाच्या सभेवर २०१९ मध्ये निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ तिथल्याच वस्तीतून पुढे आले.

आपल्याकडच्या वादात सरकारी भाड्याच्या घरांची हीच बाजू गायब आहे. आरक्षण आणले तरी दारात प्रश्न उरतोच, मराठी कोण? तो विचारणार सोसायटीचा सेक्रेटरीच. म्हाडाची सोडत निघते ती मालकीच्या घरांची. पुण्यात तीन वर्षांसाठी नोकरीला आलेल्या नागपूरच्या मुलीला तिचा उपयोग शून्य. एमएमआरडीएने २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती. पुढे तिचे रूपच बदलले आणि त्यातली बरीच घरे गिरणी कामगारांच्या सोडतीत गेली. कामगारांना घरे मिळाली हे योग्यच झाले, पण भाड्याच्या घरांची जागा रिकामीच राहिली.

ती भरायची तर यूआरची चौपट उत्पन्नाची अट मात्र उचलू नये. मुंबईच्या भाड्याला ती लावली तर शिक्षक, परिचारिका आणि एसटीचे चालक पहिल्याच चाळणीत गळतील. दुप्पट पुरे, आणि ज्याला तेवढे दाखवता येत नाही, त्याच्यासाठी जामीन कंपनीसारखी हमी सरकारनेच द्यावी.