खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कोपऱ्यावरची अब्ला

दिवाळी जवळ आली की आमच्या बर्लिनच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतो. "पुण्याहून कोणी येतंय का? दोन किलो मैदा आणि थोडा बारीक रवा हवा होता." यंदाही पडला. एरवी मी गप्प बसते, यंदा लिहितेच. बायांनो, मैदा कशाला विमानातून आणताय? घरातून खाली उतरा, कोपऱ्यावरच्या दुकानात जा आणि विचारा.

मान्य आहे, पहिल्यांदा गोंधळ होतो. इथे पीठ आकड्याने मिळतं: ४०५, ५५०, १०५०. हा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळलं तर मागे किती मिलिग्रॅम राख उरेल त्याचा हिशेब. कोंडा जास्त तर राख जास्त. ४०५ आपल्या मैद्याच्या सगळ्यात जवळचं. मला हे ठाऊक नव्हतं, आणि आकडा मोठा म्हणजे माल भारी अशा आपल्या बाजारी समजुतीने मी पहिल्या वर्षी १०५० आणलं. त्या शंकरपाळ्या नवऱ्याने "पौष्टिक आहेत" म्हणत खाल्ल्या. याहून वाईट शेरा मी आजवर ऐकलेला नाही.

पण खरी गोष्ट सोड्याची आहे.

बर्लिनच्या नॉयकोल्न भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तुर्की दुकान आहे. बाहेर वांगी, कोथिंबीर, डाळिंबांचे खोके. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं. गल्ल्यावर साठीच्या बाई. सगळे त्यांना अब्ला म्हणतात, म्हणजे ताई. १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला, त्यानंतरच्या लोंढ्यात अब्लाचे वडील आले आणि मागोमाग आई. आईला जर्मनचा गंध नव्हता. ती दुकानातल्या पाकिटांवरची चित्रं बघून सामान घ्यायची. एकदा मांजराचं खाणं घेऊन आली होती म्हणे, हे अब्ला अजून हसत सांगते.

शनिवारची संध्याकाळ होती. रविवारी इथे दुकानं बंद, म्हणून माझी घाई. नानकटाई करायची होती. ४०५ चं पीठ घेतलं, तुपाच्या जागी बुटरश्माल्त्स घेतलं (लोण्याचं कढवलेलं तूपच ते, वास थोडा कमी), पिठीसाखर घेतली आणि खालच्या फळीवर पाकीट दिसलं: 'रायनं सोडा'. रायनं म्हणजे शुद्ध. वा! शुद्ध सोडा, आणखी काय पाहिजे?

गल्ल्यावर अब्लाने पाकीट उचललं आणि विचारलं, "काय करणार आहेस?"

"बिस्किटं."

तिने ते पाकीट स्वतःच्या मागे ठेवून दिलं. "कझम, याने चिकट भांडी घासतात." कझम म्हणजे माझी मुलगी.

जर्मनमध्ये नुसता 'सोडा' म्हणजे धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट. खायच्या सोड्याला इथे 'नाट्रोन' म्हणतात. तुर्कीत त्यालाच म्हणतात 'कार्बोनात', आणि तुर्की माणसाकडे सोडा मागितलात तर तो बुडबुड्यांच्या पाण्याची बाटली पुढे करेल. धुण्याचा सोडा पिठात गेला असता तर नानकटाई साबणासारखी लागली असती, तोंड पोळलं असतं ते वेगळंच.

घरी येऊन आईला फोन केला. ती आधी हसली, मग म्हणाली, "अगं, खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा, एवढं तुला कळू नये?"

मला ते लागलं, कारण आपल्या मराठीत हे इतकं स्वच्छ सांगून ठेवलंय! मी मात्र डोक्यात 'बेकिंग सोडा' घेऊन गेले, त्यातलं 'बेकिंग' वाटेत गळलं आणि उरलेला सोडा उचलला. आपण परदेशात आलो की वस्तूचं नाव आधी इंग्रजीत करतो, मग फोनवर जर्मनमध्ये करतो. या दोन उड्यांमध्ये वस्तूच बदलते. त्यापेक्षा काय करायचंय ते सांगावं. 'तळायचंय', 'फुलायला हवंय', 'खुसखुशीत हवंय'. मोडक्या भाषेत चालतं, हातवारे चालतात.

मोठ्या सुपरमार्केटात मी ते पाकीट स्वतःच मशीनपुढे धरलं असतं, बीप वाजलं असतं, विषय संपला असता. तिथे काय करणार आहेस, हे विचारायला कोण बसलंय?

अब्लाकडे सगळं गोड आहे असं नाही. प्रत्येक वस्तू वीस-तीस सेंटने महाग. कार्ड चालत नाही. निम्म्या मालावर किंमत नसते. आणि घाईत असाल तर जाऊच नका. तिच्या सुनेचं पुराण ऐकल्याशिवाय सुट्टे पैसे मिळत नाहीत. मी तरी तिथेच जाते.

तिनेच मला बेकिंग पावडरच्या पुडीचं गणित शिकवलं. इथे पावडर डब्यात नाही, छोट्या पुड्यांत येते. एक पुडी अर्ध्या किलो पिठाला. ऑगस्ट ओटकर नावाच्या बीलेफेल्डच्या औषधविक्याने १८९० च्या दशकात ही मापाची पुडी खपवली आणि घरोघरी पोचवली. मी अब्लाला आमच्या रेसिपीतला 'पाऊण चमचा' सांगितला तर ती म्हणाली, "कोणाचा चमचा?" मला उत्तर देता आलं नाही. आमच्या साताऱ्याच्या घरी तर मापाचा प्रश्नच नव्हता. मैदा, तूप, साखर पत्र्याच्या डब्यात घालून बेकरीत नेऊन द्यायची, संध्याकाळी गरम नानकटाई घेऊन यायची. सोडा किती, तो बेकरीवाला जाणे.

त्या रविवारी नानकटाई छान तडकली. सोमवारी डबाभर घेऊन दुकानात गेले. अब्लाने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, मग म्हणाली, "ही तर आमची ऊन कुराबियेसी." त्यांच्याकडेही पीठ, लोणी, पिठीसाखरेची अशीच तोंडात विरघळणारी बिस्किटं करतात. तिसरी हातात घेऊन जरा विचारात पडली.

"फक्त वेलची जास्त झालीय," म्हणाली, आणि डबा गल्ल्याखाली ठेवून दिला.