समुपदेशन म्हणजे समेट नव्हे

इंग्लंडमध्ये मी मराठी दुभाषी म्हणून काम करते. मध्यंतरी घरात हिंसा सोसणाऱ्या बायकांच्या एका मदतकेंद्रात एका ताईंसाठी बसले होते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. समुपदेशक बाईंचा पहिला प्रश्न होता, "आज घरी परत जाणं सुरक्षित आहे का?" मग विचारलं, "नवऱ्याने कधी गळा दाबला होता का?" मी मराठीत सांगितलं. ताई बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकदाच. पण ते मारण्यात धरत नाहीत ना?"

इथे धरतात. २०२१च्या कायद्याने गळा दाबणं हा वेगळा गुन्हा ठरवला आहे, अंगावर वळ नसला तरी. आणि नुसतं धाकात ठेवणं, म्हणजे पैसे, फोन, माहेरचं येणं-जाणं सगळं स्वतःच्या मुठीत ठेवणं, हा २०१५पासून गुन्हा आहे.

मला माझी मावसबहीण आठवली. भारतात तिला समुपदेशनात पहिला प्रश्न विचारला गेला तो, "तू काय बोललीस?" मग नवऱ्याला शेजारी बसवून, "एका हाताने टाळी वाजत नाही," असं सुनावलं आणि नीट नांदू म्हणून दोघांकडून लिहून घेतलं. चार महिन्यांत ती पुन्हा माहेरी आली, या वेळी हात प्लास्टरमध्ये.

म्हणून जुलै २०२५मधला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मला फार लागला. ४९८-अच्या, म्हणजे सासरच्या छळाच्या, तक्रारीनंतर दोन महिने अटक नको, प्रकरण दोन्ही बाजूंना बसवून बोलणी करणाऱ्या कुटुंब कल्याण समितीकडे जावं, या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या सूचना त्याने उचलून धरल्या. घरं वाचतील, खोट्या तक्रारींना आळा बसेल, असं नातेवाईक मला फोनवर सांगतात. खोट्या तक्रारी होतच नाहीत, असं मी म्हणत नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली होती. एवढं सोसून जी बोलते, तिच्यासाठी तक्रारीनंतरचे दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात. ते दोन महिने तिने कुठे काढायचे?

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. त्या ताईंच्या व्हिसावर 'सरकारी निधीचा लाभ नाही' अशी अट होती. अशा बाईला निवारागृहात खोली मिळणं फार कठीण. हिंसा सोसलेल्या काही स्थलांतरित पत्नींना तीन महिन्यांपुरती या अटीतून सवलत मिळते, पण नवरा इथे नोकरीच्या व्हिसावर असेल तर पुढे कायम राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

आपल्याकडे चांगलं काम झालेलंच नाही असंही नाही. मुंबईत पोलीस यंत्रणेच्या आतच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष १९८४मध्ये सुरू झाला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या 'दिलासा' केंद्राने मार खाऊन आलेल्या बाईला औषधासोबत ऐकणारं माणूसही दिलं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६च्या नियमांत तर स्पष्ट लिहिलंय की समुपदेशनात नवऱ्याला हिंसेचं समर्थन करता येणार नाही, आणि हे त्याला आधीच सांगायचं. हा नियम प्रत्येक समुपदेशन कक्षात सुरुवातीलाच मोठ्याने वाचला गेला पाहिजे.

मावसबहिणीला मी तो फोनवर वाचून दाखवला. ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "पुन्हा वाच."